समन्स आलंय, आणि मालिकेतलं कोर्ट डोळ्यांपुढून हलत नाही

वाचकाचं पत्र: मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शिवणकामाचं दुकान चालवते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आठवडी बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोर मारामारी झाली आणि एकाच्या डोक्यात लोखंडी गज घातला गेला. मी दारातून पाहिलं होतं, पोलिसांना जबाबही दिला. आता सत्र न्यायालयाचं समन्स आलंय. आम्ही घरी रोज रात्री कोर्टाची मालिका बघतो. त्यात वकील साक्षीदाराभोवती फिरत ओरडतो, ‘फक्त हो की नाही ते सांगा’ म्हणतो, आणि शेवटी साक्षीदार कोसळतो. खरंच असं होतं का? भाच्याच्या मोबाइलमध्ये भांडणाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आहे. तो त्या दिवशी कोर्टात काढून दाखवला तर चालेल का? आरोपीच्या नात्यातला एक जण दोनदा दुकानात येऊन ‘काही आठवत नाही म्हण, नाहीतर जड जाईल’ असं बोलून गेला. झोप लागत नाही.

ताई,

शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण ती तारखेपर्यंत थांबणारी नाही. तो माणूस कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता आला, नेमके कोणते शब्द बोलला आणि तेव्हा दुकानात कोण होतं, हे आजच कागदावर उतरवा. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तिची एक प्रत समन्सवर ज्या न्यायालयाचं नाव आहे तिथल्या सरकारी वकिलांना द्या. खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली वेगळा गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. शिवाय डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली आहे. प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी समिती असते आणि जिल्हा व सत्र न्यायाधीश तिचे प्रमुख असतात. तुम्ही अर्ज केलात की समिती पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवते. आदेश मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत तो समितीकडे पोहोचावा, असं योजनेतच म्हटलंय. घराभोवती गस्त, कोर्टात नेण्या-आणण्यासाठी पोलीस, गरज पडली तर बंद खोलीत साक्ष, असं संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत मिळू शकतं. मालिकेतला साक्षीदार धमकी पोटात ठेवून थेट पिंजऱ्यात उभा राहतो. तुम्ही तसं अजिबात करू नका.

आता कोर्टाकडे वळू. मालिका एका बाबतीत बरोबर असतात: आधी सरकारी वकील सरतपास घेतात, नंतर आरोपीचे वकील उलटतपास घेतात, आणि काही खुलासा राहिला तर फेरतपास होतो. त्यापुढचं चित्र मात्र मनातून काढून टाका. न्यायाधीशांच्या हातात लाकडी हातोडा नसतो. भारतातल्या कुठल्याच न्यायालयात तो वापरत नाहीत. तो अमेरिकी मालिकांमधून आपल्याकडे आला, इंग्लंडमधले न्यायाधीशही तो वापरत नाहीत. गीतेवर हात ठेवायला कुणी सांगणार नाही. १९६९ च्या शपथ कायद्यात शपथेचा मजकूर ठरलेला आहे. ईश्वराला स्मरून किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेवर, ‘खरे सांगेन, पूर्ण खरे सांगेन आणि खऱ्याखेरीज काही सांगणार नाही’ असं तुम्हाला म्हणायचं असतं. यातला कुठला प्रकार घ्यायचा ते तुम्ही ठरवायचं, त्यानं साक्षीचं वजन कमी-जास्त होत नाही. ‘मिलॉर्ड’ म्हणण्याची गरज नाही. साहेब किंवा मॅडम म्हटलं की पुरे. ज्युरी, म्हणजे निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, आपल्याकडे नाही. मुंबईच्या नानावटी खटल्यात १९५९ मध्ये ज्युरीनं आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. ती गोष्ट अजून सांगितली जाते, पण १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी उरलीच नाही.

तुम्हाला दिसेल ती खोली बहुधा लहान असेल. वर न्यायाधीश, त्यांच्यासमोर खाली शिरस्तेदार आणि संगणकावर लघुलेखक, मग वकिलांचं टेबल, बाजूला साक्षीदाराचा कठडा, मागे आरोपी. पंख्यांचा आवाज असेल, दारात माणसांची ये-जा असेल, त्याच सकाळी आणखी वीस-पंचवीस प्रकरणं बोर्डावर असतील. वकील आपल्या टेबलाशी उभे राहून प्रश्न विचारतात. ते तुमच्या अंगाजवळ येत नाहीत, तुमच्याभोवती फिरत नाहीत.

मालिकेत सगळे साक्षीदार मागच्या बाकावर बसून खटला ऐकतात आणि एखादी बाई मधूनच उभी राहून ‘मी सांगते खरं काय ते’ म्हणते. खऱ्या कोर्टात साक्ष होईपर्यंत साक्षीदाराला आत बसू देत नाहीत, कारण आधीच्या साक्षीदाराचं ऐकून त्याचं बोलणं बदलू शकतं. तुम्ही बाहेर व्हरांड्यात थांबायचं. समन्सवरच्या वेळेच्या आधी अर्धा तास पोहोचा, सरकारी वकिलांना आणि पोलिसांच्या वतीनं कोर्टात बसणाऱ्या पैरवी अधिकाऱ्याला ‘मी आलेय’ असं सांगा, आणि शिपाई पुकारा करेल तिकडे कान ठेवा. आधार कार्ड, समन्स, चष्मा, पाण्याची बाटली, डबा सोबत असू द्या. दिवसभर बसून साक्ष झालीच नाही, असंही होतं. आरोपीचे वकील मुदत मागतील, आरोपीला तुरुंगातून आणलेलं नसेल, किंवा आधीचीच साक्ष लांबेल. तसं झालं तर तुमच्या हजेरीची नोंद रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, होऊ द्या आणि पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय निघू नका. समन्सवरचा १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये टाकला की पुढच्या तारखा घरबसल्या दिसतात.

समन्सवर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न, दिसलं तर गोंधळू नका. नवे तिन्ही फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले, तुमची घटना त्याआधीची आहे. साक्ष देण्याच्या रीतीत तुम्हाला फरक जाणवणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो, आणि मालिकेत हेच कधी दिसत नाही. तुम्ही जे बोलता ते जसंच्या तसं उतरत नाही. वकील प्रश्न विचारतात, तुम्ही उत्तर देता, मग न्यायाधीश प्रश्न आणि उत्तर मिळून तुमच्या तोंडचं एक वाक्य करून लघुलेखकाला सांगतात आणि ते टाइप होतं. निकाल लिहिताना तेच वाचलं जातं. पुढे अपिलात उच्च न्यायालयातले न्यायाधीश तुम्हाला कधी पाहणारही नाहीत, त्यांच्यापुढे तेवढीच पानं असतील. म्हणून उत्तर छोटं द्या, थांबा, वाक्य टाइप होऊ द्या, मग पुढचा प्रश्न ऐका. ही संथ चाल पहिली पाच मिनिटं विचित्र वाटते, पण तीच तुमच्या सोयीची आहे. विचार करायला वेळ मिळतो.

एक नमुना बघा. वकील विचारतील, ‘बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असते ना?’ तुम्ही म्हणाल, ‘असते.’ टाइप होईल: ‘बाजारच्या दिवशी माझ्या दुकानात गर्दी असते हे खरे आहे.’ पुढचा प्रश्न, ‘आणि तुम्ही मान खाली घालून मशीनवर काम करत होता?’ तुम्ही म्हणाल, ‘हो, पण आरडाओरडा ऐकून उठले आणि दारात आले.’ टाइप झालं समजा इतकंच: ‘घटनेच्या वेळी मी मान खाली घालून मशीनवर काम करत होते हे खरे आहे.’ इथे गप्प राहिलात तर पुढे त्या एका वाक्यावर अख्खा युक्तिवाद उभा राहील की बाईंनी काही पाहिलंच नाही. लगेच न्यायाधीशांकडे बघून नम्रपणे सांगा, ‘साहेब, आवाज ऐकून मी उठून दारात आले असंही मी म्हटलं, तेवढं घ्यावं.’ ते घेतलं जातं. ‘फक्त हो की नाही’ असं वकिलांनी दटावलं तरी खुलासा करायचा तुमचा हक्क जात नाही. हो किंवा नाहीनं उत्तर अर्धवट राहत असेल तर तसं न्यायाधीशांना सांगायचं.

वकील थेट उत्तरच सुचवणारे प्रश्न विचारतील. उलटतपासात ते चालतं, सरतपासात चालत नाही. म्हणून सरकारी वकील तुमच्या तोंडात शब्द घालणार नाहीत, ‘त्या दिवशी काय झालं?’ असं विचारून थांबतील. तिथून पुढे तुम्हालाच क्रमानं सांगायचं आहे: दिवस कोणता, वेळ अंदाजे काय, तुम्ही कुठे होता, कोण कुठून आलं, कुणाच्या हातात काय होतं, किती वेळा मारलं, कुठे लागलं, मग काय झालं. अंतर फुटांत सांगण्याचा हट्ट धरू नका. ‘इथून त्या दारापर्यंत’ म्हणा, फूट न्यायाधीश लिहून घेतील.

मध्येच सीलबंद पुडकं फोडून तुम्हाला गज दाखवतील. हा मुद्देमाल. ‘हाच तो का?’ असा प्रश्न येईल. लोखंडी गज एकसारखे दिसतात. एखादी खूण, वाक किंवा रंग ओळखीचा असेल तरच ‘हाच’ म्हणा, नाहीतर ‘असाच होता’ म्हणा. ‘हाच’ म्हणालात तर उलटतपासात पहिला प्रश्न ‘कशावरून?’ असाच येतो आणि उत्तर नसलं की चांगल्या साक्षीलाही तडा जातो. आरोपी ओळखतानाही घाई नको. शांतपणे बघा, दाखवा, आणि चारांतल्या दोघांचीच ओळख पटत असेल तर दोघांचीच सांगा.

उलटतपासात साक्षीदार बहुतेक वेळा अडकतो तो ओरडण्यामुळे नाही, पोलीस जबाबामुळे. तो जबाब पोलिसांनी त्यांच्या भाषेत, थोडक्यात लिहिलेला असतो आणि त्यावर तुमची सही घेत नाहीत. कायद्यानंच ती घ्यायची नसते. समजा कोर्टात तुम्ही सांगितलं की मारताना तो ‘जिवंत सोडत नाही’ म्हणाला. ३०७ च्या खटल्यात हे वाक्य फार मोलाचं, कारण त्यातून इरादा दिसतो. वकील लगेच विचारतील, ‘हे पोलिसांना सांगितलं होतं?’ सांगितलं असेल तर ‘हो’ म्हणा. ‘मग जबाबात का नाही?’ यावर कारण शोधत बसू नका. ‘मी सांगितलं होतं, त्यांनी का लिहिलं नाही ते मला सांगता येणार नाही,’ एवढंच उत्तर पुरेसं आणि खरं आहे. तेव्हा सांगायचं राहिलं असेल तर राहिलं म्हणा. जबाबात न आलेल्या अशा गोष्टीला कोर्टातली माणसं ऑमिशन म्हणतात. पुढे तपास अधिकाऱ्याला त्यावर विचारलं जातं. लहानसहान गाळलेल्या गोष्टींनी साक्ष पडत नाही, मुळाशी जाणाऱ्या गोष्टींनी पडते. साक्षीदार मात्र घाबरून लहान गोष्टीसाठीच खोटं कारण जोडतात आणि तिथेच घसरतात.

साक्षीआधी सरकारी वकिलांना भेटून जबाबात काय आहे ते विचारता येतं. पोलिसांबरोबर बसून तो पाठ मात्र करू नका. ‘आज बाहेर जबाब वाचून दाखवला का?’ हा ठरलेला प्रश्न आहे. जे झालं असेल ते सरळ सांगा.

शेवटी तुम्हाला ऐकू येईल: ‘आरोपीनं गज मारलाच नाही, तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देताय.’ मालिकेत इथे संगीत वाढतं आणि साक्षीदार रडतो. खऱ्या कोर्टात वकील हे वाक्य बऱ्याचदा कागदात बघत, सपाट आवाजात म्हणतात. आरोपीची बाजू काय आहे ते साक्षीदारापुढे मांडावंच लागतं, नाहीतर तुमचं म्हणणं त्यांनी खोडलंच नाही असा अर्थ निघू शकतो. म्हणून हे वाक्य जवळजवळ प्रत्येक उलटतपासाच्या शेवटी असतं. मनाला लावून घेऊ नका, वकिलांशी वाद घालू नका, ‘हे खोटं आहे’ म्हणा. टाइप होईल: ‘मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही.’ हे ऐकू आलं की उलटतपास संपत आलाय असं समजा.

अपमान करणारे किंवा अश्लील प्रश्न न्यायाधीश रोखू शकतात, कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. ‘ऑब्जेक्शन’ खऱ्या कोर्टातही घेतलं जातं, पण त्यावर टाळ्या पडत नाहीत. न्यायाधीश ते नोंदवतात. त्यावरचा निर्णय तिथेच किंवा त्या साक्षीदाराची साक्ष संपताना द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं आहे. वकील बोलत असताना तुम्ही थांबा, न्यायाधीशांनी सांगितल्यावरच उत्तर द्या.

सरतपास झाल्यावर उलटतपास दुसऱ्या तारखेवर ढकलला जाऊ शकतो. ही खरोखर वाईट सवय आहे. पंजाबच्या एका खटल्यात असा उलटतपास जवळपास २० महिन्यांनी झाला, साक्षीदार उलटला, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये त्यावर कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. तुमच्या बाबतीत मुदत मागितली गेली तर न्यायाधीशांना सांगा की मला धमक्या येत आहेत, उलटतपास आजच व्हावा. साक्षीदार असं सांगू शकतो आणि त्याला वजन असतं. फितूर हा शब्दही मालिकेनं फार ओंगळ करून ठेवलाय. सरकारी वकिलांना आपल्याच साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारायची परवानगी मिळते, इतकाच त्याचा अर्थ. तरीही त्याच्या बोलण्यातला विश्वासार्ह भाग न्यायालय घेऊ शकतं.

आरोपीला पिंजऱ्यात ओढून कबुली वदवून घेणारा प्रसंग तुम्ही दर आठवड्याला बघत असाल. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, ते संविधानाच्या अनुच्छेद २० मध्येच आहे. पुराव्यानंतर न्यायाधीश त्याला शपथ न देता प्रश्न विचारतात, तो ‘खोटं आहे’ किंवा ‘माहीत नाही’ म्हणतो. म्हणजे कुणीतरी कोसळून सत्य बाहेर पडेल याची वाट खरं कोर्ट बघत नाही. तुमच्यासारख्यांची साक्ष, डॉक्टरांचं जखमेचं प्रमाणपत्र, पंचनामा, मुद्देमाल, हे एकमेकांशी जुळतं का तेच बघतं.

साक्ष संपली की ती तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे. दमलेला साक्षीदार ‘बरोबर आहे’ म्हणून निघून जातो. तुम्ही बसून ऐका, मजकूर मराठीत नसेल तर समजावून मागा, आणि चूक दिसली तर तिथेच सांगा. न्यायाधीश ती दुरुस्त करतात, किंवा तुमची हरकत नोंदवून ठेवतात. सही मागितली तर वाचल्याशिवाय करू नका. येण्या-जाण्याच्या खर्चासाठी साक्षीदाराला भत्ता मिळू शकतो. एसटीचं तिकीट ठेवा आणि त्याच दिवशी कोर्टाच्या कार्यालयात विचारा.

आता भाच्याचा व्हिडिओ. शेवटच्या क्षणी पेन ड्राइव्ह काढून दाखवण्याचा प्रकार खऱ्या कोर्टात टिकत नाही. तुम्ही साक्षीत मोबाइल पुढे केलात तर तो बाजूला ठेवला जाईल आणि इतके दिवस लपवला का, हा प्रश्न उलटा तुमच्यावर येईल. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसाठी, ती कोणत्या उपकरणातून कशी घेतली ते सांगणारं प्रमाणपत्र लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये जालन्याच्या एका निवडणूक प्रकरणात पक्कं केलं. मूळ उपकरणच त्याच्या मालकानं न्यायालयात सादर करून सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी, पण फॉरवर्ड झालेली किंवा पेन ड्राइव्हवर घेतलेली प्रत प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. म्हणून भाच्याला आजच सांगा: तो फोन विकू नको, रीसेट करू नको, व्हिडिओ कापू नको, कुणाला पाठवू नको. मग दोघांनी मिळून सरकारी वकिलांना लेखी कळवा की असा व्हिडिओ आहे, तो कोणत्या फोनवर, कुणी, कुठे उभं राहून काढला. पुढचा तपास करून तो फोन जप्त करणं आणि भाच्याचा जबाब घेणं हे पोलिसांचं काम आहे, आणि न्यायालयाच्या परवानगीनं भाचा साक्षीदार म्हणून वाढवता येतो. हे तुमच्या साक्षीच्या तारखेआधी झालं तर चांगलं. नाही झालं आणि साक्षीत कुणी विचारलंच, तर व्हिडिओ आहे आणि अमुक दिवशी सरकारी वकिलांना कळवलंय, असं सांगा.